फळीवरचा रेडिओ कोणत्या सालचा?

२३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. योगायोग असा, की त्याच्या बरोबर पंचवीस वर्षे आधी, २३ जुलै १९२७ ला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले होते आणि या देशातल्या नियमित नभोवाणीला तिथून सुरुवात झाली होती. आता समजा, पदकाची बातमी एखाद्या खेड्यात पोचल्याचा प्रसंग चित्रपटात घ्यायचा आहे. पावसाळ्याचे दिवस, ओसरीवर माणसे दाटीवाटीने बसलेली, भिंतीतल्या फळीवर रेडिओ. दिग्दर्शक कला विभागाला एवढेच सांगतो, ‘जुना रेडिओ आणा.’

कोणता जुना? घोटाळा इथूनच सुरू होतो.

हा प्रश्न जेऊरच्या माणसाला परका वाटू नये. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले हे गाव मुंबई-सोलापूर लोहमार्गावर आहे, आणि चित्रपटाच्या नकाशावर त्याचे नाव गेले ते इथल्याच दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्यामुळे. ‘पिस्तुल्या’, ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) हे त्यांचे चित्रपट चालू काळाचे. ‘सैराट’चे बरेचसे चित्रीकरण करमाळा परिसरातच झाले, कमलाभवानी मंदिराजवळची शहाण्णव पायऱ्यांची विहीर त्यानंतर पर्यटनस्थळच होऊन बसली. अशा चित्रपटात घरातल्या वस्तूंची फारशी चिंता नसते. जे घरात आहे तेच पडद्यावर येते. पण मंजुळे यांनी पुढे जाहीर केलेली दोन कामे वेगळी आहेत: खाशाबा जाधवांवरचा ‘खाशाबा’ आणि साठच्या दशकातल्या मुंबईवर बेतलेली ‘मटका किंग’ ही मालिका. जुन्या काळाच्या कथेत प्रत्येक वस्तू शोधून आणावी लागते आणि आणलेल्या वस्तूबद्दल जाब द्यावा लागतो. सायकल, कंदील, घड्याळ, रेडिओ. यात रेडिओ सगळ्यात चुगलखोर. कंदिलाचा घाट शंभर वर्षांत फारसा बदलला नाही. रेडिओचा चेहरा मात्र दर पाच-सात वर्षांनी पालटत गेला आणि त्याच्या काचेवर तर चक्क मजकूर छापलेला असतो.

चित्रपट थांबवून त्यातल्या रेडिओ-टीव्हीची ओळख पटवण्याचा छंद जगभर आहे. स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘रेडिओम्युझियम’ या सूचीत देशोदेशीच्या संचांची छायाचित्रे, नकाशे आणि सालवार नोंदी आहेत. अमेरिकन छंदिष्टांना तर ठरलेली शिकार असते. पडदा मानेसारखा वळणारा ‘फिल्को प्रेडिक्टा’ हा टीव्ही बाजारात आला १९५८ मध्ये. तो दिसायला इतका नखरेल, की पन्नासचे दशक दाखवायचे म्हटले की कला दिग्दर्शकाचा हात त्याच्यावर जातो. मग कथा १९५२ ची असली तरी. तिथल्या छंदिष्टांचे काम नमुन्याचे नाव आणि साल सापडले की संपते.

मराठी चित्रपटाच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. फिलिप्स, मर्फी, बुश, नॅशनल एको, एचएमव्ही, जीईसी ही नावे आपल्याकडच्या घराघरांत होती. मर्फी मूळची इंग्लंडमधली, १९२९ ची. भारतात तिचा कारखाना ठाण्याला होता. टाटांच्या गोतावळ्यातली नॅशनल रेडिओ अँड इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे पुढची नेल्को, १९४० मधली. जेऊरहून पुण्याला जाताना लागणाऱ्या लोणी काळभोरला फिलिप्सचा कारखाना होता. तरीही नुसत्या नावावरून आणि सालावरून आपल्या पडद्यावरचा रेडिओ खरा की खोटा हे ठरत नाही. संच १९५२ चा असेल, अगदी अस्सल असेल, आणि तरीही त्या घरात तो असणे अशक्य असेल. म्हणून अशा संचांविषयीची पुढच्या पानांतली टिपणे वाचणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी. रेडिओचा चेहरा नंतर पाहावा, आधी त्याच्या मागून निघालेली वायर कुठे जाते ते पाहावे.

वीज ही पहिली कसोटी. स्वातंत्र्याच्या वेळी सगळ्या देशात वीज पोचलेली खेडी होती सुमारे दीड हजार. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले १९६० मध्ये, आणि गावोगाव खांब उभे राहायला त्यानंतरही कित्येक वर्षे गेली. असे असताना १९५२ च्या खेड्यातल्या फळीवर लाकडी पेटीचा ऐटबाज रेडिओ ठेवायचा, त्याची वायर भिंतीआड नेऊन सोडायची आणि शेजारी कंदील टांगायचा, हे दृश्य किती वेळा पाहिले असेल! कंदील खरा, रेडिओही खरा. पण दोघांचे एका भिंतीवर जमत नाही.

मग वीज नसलेल्या गावात रेडिओ नव्हताच का? होता. त्याची जात वेगळी होती. विजेवरच्या संचाचे व्हॉल्व्ह बरीच वीज खातात. त्यांच्याऐवजी कमी खाणारे, दीड व्होल्टच्या आसपास तापणारे व्हॉल्व्ह घालून बॅटरीचे संच बनत. त्यांना दोन वेगवेगळे वीजपुरवठे लागत: एक व्हॉल्व्हची तार तापवायला, आणि दुसरा नव्वद व्होल्टचा. त्यासाठी वीटभर किंवा त्याहून मोठा कोरडा बॅटरीपॅक रेडिओच्या पाठीमागे किंवा पोटात असे. तो महाग, आणि उतरला की टाकून नवाच घ्यावा लागे. दुसरी सोय मोटारच्या बॅटरीवर चालणाऱ्या संचांची. त्यात व्हायब्रेटर नावाचा कंप पावणारा भाग बॅटरीचा कमी दाब वाढवून देई आणि मागे एक बारीक गुणगुण सतत ऐकू येई. बॅटरी उतरली की ती भरून आणायला वीज असलेल्या गावी न्यावी लागे. म्हणजे १९५२ च्या ओसरीवर रेडिओ दाखवायचा तर फळीखाली ॲसिडची बॅटरी, तिच्या दोन्ही टोकांवर पांढरट बुरशीसारखा थर, आणि ‘बॅटरी संपंल, बंद करा’ म्हणणारा घरमालक दाखवायला हवा. चित्रपटातल्या ओसरीत रेडिओ तासन्‌तास पार्श्वसंगीतासारखा वाजत राहतो. बॅटरीच्या घरात तो मापून वाजे. बातम्या झाल्या की कान पिळून बंद.

गावाच्या रेडिओचा आणखी एक प्रकार पडद्यावर जवळजवळ येतच नाही, तो म्हणजे सार्वजनिक संच. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, वीसेक माणसांनी तो एकत्र ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या. जगभरच्या संपर्कशास्त्राच्या पुस्तकांत या प्रयोगाचा दाखला दिला जातो. मराठी चित्रपटाच्या दृष्टीने पाहिले तर ते तयार दृश्य आहे: चावडी, कंदील, मधोमध रेडिओ, आणि निवेदकाशी इथूनच वाद घालणारे शेतकरी. अजून कोणी ते घेतल्याचे दिसत नाही.

दुसरी वायर एरियलची. चांगल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला घरावरून ताणलेली तार लागे. पुढे घरात टांगायची तांब्याच्या जाळीची पट्टी आली. भिंतीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली ती पिवळसर पट्टी साठच्या-सत्तरच्या दशकांतल्या मराठी घरांची खूण होती. पट्टीवर धूळ असे, कधी एखादा वाळत घातलेला रुमालही असे. जुना काळ दाखवणाऱ्या आजच्या चित्रपटांत रेडिओला विणलेले कव्हर आठवणीने घातलेले असते, जाळीची पट्टी विसरलेली असते. कव्हर देखणे दिसते, म्हणून असेल.

आता चेहरा. डायलवर काय छापले आहे हे टिपता आले तर निम्मे काम होते, आणि हल्लीच्या स्पष्ट चित्रणात ते टिपता येते. मराठी चित्रपटातल्या रेडिओवर लाँग वेव्हचा पट्टा आणि त्यावर हिल्व्हर्सम, लक्झेंबर्ग अशी नावे दिसली तर शंका घ्यावी. भारतात लाँग वेव्हवर प्रसारण नव्हते. इथे विकायच्या संचांत त्या जागी शॉर्ट वेव्हचे जादा पट्टे देत. काचेवर लाँग वेव्ह असली म्हणजे बहुधा युरोपातल्या श्रोत्यासाठी बनलेला संच अलीकडे कोणीतरी मागवून घेतला आहे. तशीच दुसरी खूण म्हणजे ‘यूकेडब्ल्यू’ लिहिलेली पांढरी कळ. ही जर्मन संचांवरची एफएमची कळ. आपल्याकडे एफएम सुरू झाले १९७७ मध्ये, तेही मद्रासला. पन्नासच्या दशकातल्या सदाशिव पेठेत ती कळ दाबायची तर ऐकायचे काय?

शॉर्ट वेव्हचे पट्टे आपल्याला इतके का लागत, याची गोष्ट एका मराठी माणसापाशी जाते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा कैवार घेऊन त्यांनी चित्रपटगीतांना रेडिओवरून जवळपास हद्दपार केले. श्रोते उठले आणि काटा फिरवून सिलोनवर गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ रेडिओ सिलोनवर सुरू झाली. सरकारला उपरती होऊन ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती निघाली, तीही शॉर्ट वेव्हवर. म्हणून त्या काळच्या घरात रेडिओचा काटा कुठल्या पट्ट्यावर आहे, यावरून घरातली गाण्याची आवड आणि कोणाची सत्ता चालते हेही कळू शकते. डायलवर ‘सिलोन’ आहे की ‘श्रीलंका’ हेही पाहावे. देशाचे नाव १९७२ मध्ये बदलले. त्याच सुमारास ‘किलोसायकल’ मागे पडून ‘किलोहर्ट्झ’ आले.

डायलच्या या वाचनाचा एक नमुना म्हणून उषा मेहतांच्या ‘काँग्रेस रेडिओ’ या भूमिगत केंद्राकडे पाहता येईल. २७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईतल्या गुप्त जागेतून तो पहिल्यांदा बोलला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घातली. या प्रकरणावर २०२४ मध्ये ‘ए वतन मेरे वतन’ हा हिंदी चित्रपट आला. काँग्रेस रेडिओची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर, म्हणजे सात मेगासायकलच्या किंचित वर. तेव्हा ४२ सालच्या कुठल्याही कथेत माणसे चोरून हे केंद्र ऐकताना दाखवली, तर काटा शॉर्ट वेव्हवर एकेचाळीस मीटरच्या पट्ट्याजवळ दिसला पाहिजे. मीडियम वेव्हवर दिसला तर क्रांती चुकीच्या स्टेशनवर चालली आहे.

डोळ्यांपेक्षाही कान लवकर चूक पकडतात. व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की लगेच बोलत नाही. आधी डायलचा दिवा लागतो, आत व्हॉल्व्ह तापतात, वीस-तीस सेकंदांनी दुरून आल्यासारखा आवाज वर येतो. उंची संचांवर ‘मॅजिक आय’ असे, हिरवा उजेड देणारा लहानसा व्हॉल्व्ह. स्टेशन नेमके लागले की त्यातली सावली मिटत जाई. पडद्यावर मात्र नायकाने बटण फिरवले की तत्क्षणी गाणे सुरू होते, तेही खरखर न होता. चित्रपटाला वीस सेकंद परवडत नाहीत हे मान्य. पण शांतपणे तापणाऱ्या रेडिओपुढे वाट बघत बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांत जे नाट्य आहे ते फुकट मिळत असताना सोडून द्यावे, याचे नवल वाटते.

आवाजातही तारखा लपलेल्या असतात. वॉल्टर कौफमन यांनी बांधलेली ऑल इंडिया रेडिओची ओळखधून तीसच्या दशकातली, म्हणून ती १९४२ मध्येही चालते आणि १९८२ मध्येही. विविधभारतीवर जाहिराती आल्या १९६७ च्या नोव्हेंबरात, मुंबई-पुणे-नागपूरपासून. दूरदर्शनची धून आणि फिरत येणारा डोळा १ एप्रिल १९७६ चा, दूरदर्शन नभोवाणीपासून वेगळे झाले तेव्हाचा. १९७४ च्या दिवाणखान्यात ती धून वाजली, की पुढचा अर्धा तास जाणकार प्रेक्षकाचे कथेत लक्ष लागत नाही.

मराठी रेडिओचा सगळ्यात मोठा प्रसंग १ एप्रिल १९५५ चा. त्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. केंद्राचे वय तेव्हा दीड वर्ष. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते. गीताच्या वेळी घरोघरी रेडिओला हार-फुले वाहिली जात, लोक आंघोळी उरकून बसत, अशा आठवणी त्या पिढीने लिहून ठेवल्या आहेत. ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ (२०२४) सारख्या चरित्रपटांमुळे तो काळ पुन्हा पडद्यावर आला. पुढेही येत राहील, तेव्हा एक गोष्ट पक्की असावी. हार घातलेला तो रेडिओ व्हॉल्व्हचाच असणार. अमेरिकेत खिशातला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ, ‘रीजन्सी’, बाजारात आला तो १९५४ च्या अखेरीस, म्हणजे जेमतेम सहा महिने आधी. पुण्याच्या शेजघरात तो पोचायला अजून बराच अवकाश होता.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि खेड्याच्या दृष्टीने खरी क्रांती तेव्हा झाली. वायरच गेली. सेल टाका, खांद्याला अडकवा, मोटेवर न्या, उसाच्या पाण्यावर न्या. इथे मात्र बाहेरच्या पुस्तकांतला एक नियम आपल्याला फसवतो. लाकडी मोठी पेटी म्हणजे व्हॉल्व्ह आणि प्लास्टिकची लहान पेटी म्हणजे ट्रान्झिस्टर, असे ते मानतात. आपल्याकडे मोठ्या लाकडी पेटीचे, टेबलावर ठेवायचे आणि तरीही आत ट्रान्झिस्टर असलेले, सेलवर चालणारे संच सर्रास विकले जात. फिलिप्सचा ‘कमांडर’, बुशचा ‘बॅरन’ हे त्या घाटाचे. घरात वीज नाही पण फळीवर भारदस्त काहीतरी हवे, या गिऱ्हाइकाला ते नेमके ओळखून बनवलेले. १९७० च्या जेऊरमध्ये फळीवर लाकडी रेडिओ दिसला आणि त्याला वायर नसली, तर ती चूक समजू नये.

त्या काळात रेडिओचे नाव घरात किती मुरले होते हे ‘बर्फी!’ने (२०१२) दाखवले. सत्तरच्या दशकातल्या दार्जिलिंगमधल्या त्या मुलाचे नाव मर्फी, कारण आईला मर्फी रेडिओचे वेड. ऐकू-बोलू न येणाऱ्या त्याच्या तोंडी त्याचे बर्फी होते. इथे रेडिओ नुसता सजावटीला आणलेला नाही, नायकाच्या नावातच जाऊन बसला आहे.

एक वस्तू तर पडद्यावर औषधालाही सापडत नाही: परवान्याचे पुस्तक. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना घ्यावा लागे. १९२७ मध्ये त्याची वर्षाची फी दहा रुपये होती. दरवर्षी पोस्टात जाऊन नूतनीकरण करायचे आणि ते पुस्तक रेडिओखाली किंवा कपाटात जपायचे. परवाना चुकवणाऱ्यांची तपासनिसाच्या नावाने गाळण उडे. ऐंशीच्या दशकात आधी लहान संचांचा आणि मग सगळ्यांचाच परवाना रद्द झाला. त्या लहानशा पुस्तकात अख्खा विनोदी प्रसंग दडलेला आहे.

टीव्हीचे प्रकरण तुलनेने सोपे, कारण तिथे तारखांची भिंत आहे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरुवात झाली. मुंबईत थेट २ ऑक्टोबर १९७२. पुण्याला सिंहगडावरून त्याचे सहक्षेपण मिळाले ते त्यानंतर. म्हणजे १९७० च्या मुंबईतल्या शेठजींच्या बंगल्यात टीव्ही चालू दाखवला तर त्यावर मुंग्यांखेरीज काही दिसणे शक्य नाही. सुरुवातीचे संच कृष्णधवल, चार पायांवर उभे, लाकडी पेटीचे आणि पुढे सरकते शटर असलेले. शटरला कुलूप लावायची सोयही काहींना असे, आणि मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत ती वापरलीही जाई. नावे पाहावीत: हैदराबादच्या सरकारी कारखान्याचा ‘ईसी’, टेलिराड, वेस्टन, डायनोरा. ओनिडा १९८१ ची. आणीबाणीतल्या दिवाणखान्यात ओनिडा ठेवणाऱ्याला माफी नाही. रंगीत प्रसारण १९८२ चे, ऑगस्टमधले स्वातंत्र्यदिनाचे आणि नोव्हेंबरातल्या आशियाई स्पर्धांचे.

सोलापूर जिल्ह्याच्या बाबतीत एक गमतीचा तपशील आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर अमेरिकी उपग्रहावरून थेट खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. सहा राज्यांतली चोवीसशे खेडी त्यात होती आणि महाराष्ट्र त्यात नव्हता. पण कर्नाटकात निवडलेले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. पहिले दोन सोलापूरच्या सीमेलाच लागून. म्हणजे आणीबाणीच्या त्या वर्षात सीमेपलीकडच्या एखाद्या खेड्यात शाळेपुढे माणसे टीव्ही पाहत बसली होती आणि अलीकडच्या गावात ट्रान्झिस्टरशिवाय काही नव्हते. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा ‘शाळा’ (२०१२) त्याच आणीबाणीत घडतो. त्या पिढीने आणीबाणीची बातमी ऐकली ती रेडिओवर, २६ जून १९७५ च्या सकाळी. जेऊर पुण्यापासून रेल्वेने सुमारे दीडशे किलोमीटर. तिथल्या १९७५ च्या कथेत टीव्ही आला तर तो एखाद्या पाहुण्याच्या बोलण्यातच यावा.

तारीख कधी कधी इतकी निर्दय असते, की संच पाहायचीही गरज पडत नाही. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा काढल्या. बीबीसीच्या संपामुळे त्या सामन्याचे चित्रणच झाले नाही. कोणी ही खेळी टीव्हीवर पाहत टाळ्या पिटताना दिसला, तर टीव्ही कितीही अस्सल असो, दृश्य खोटे. आठवड्यानंतरचा, २५ जूनचा अंतिम सामना मात्र दिसला होता. १९८४ मध्ये लहान शक्तीच्या प्रक्षेपकांचा देशभर सपाटा लागला, मग ‘हम लोग’ आले, आणि जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’. बत्तीस वर्षांपूर्वी रेडिओला घातलेला हार आता टीव्हीला घातला गेला. रामही तोच, हारही तोच, फळीवरची पेटी तेवढी बदलली.

पडद्यातला पडदाही तपासावा. आपला टीव्ही सेकंदाला पंचवीस चित्रे दाखवी, चित्रपटाचा कॅमेरा चोवीस टिपे. त्यामुळे जुन्या चित्रपटांत टीव्हीवरून एक काळी पट्टी संथपणे सरकत राहते. जुना काळ दाखवणाऱ्या आजच्या चित्रपटांत टीव्हीतले चित्र बहुतेक वेळा नंतर संगणकावर चिकटवतात. ते प्रमाणाबाहेर नितळ असते, काचेच्या फुगीरपणाशी जुळत नाही, खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंब त्यावर पडत नाही.

मात्र नवी वस्तू जुन्या काळात घुसण्यापेक्षा मोठी चूक वेगळीच आहे, आणि ती हुशार कला दिग्दर्शकही करतात. १९७५ ची खोली लावायची म्हणून ते खोलीतली प्रत्येक वस्तू १९७५ ची आणतात. खऱ्या घरात असे नसते. तिथे आजोबांच्या लग्नातले घड्याळ असते, १९५८ मध्ये हप्त्यावर घेतलेला मर्फी असतो, त्याच्या डोक्यावर मुंबईहून थोरल्याने आणलेला ट्रान्झिस्टर असतो, कारण मर्फी आता फक्त ट्रान्झिस्टर ठेवायच्या कामाचा उरलेला असतो. खेड्यात तर वस्तूंचे आयुष्य आणखी लांब. शहरात टाकलेला संच मामाच्या गावी येतो आणि तिथे पंधरा वर्षे नांदतो. रेडिओचे साल आणि कथेचे साल यांत अंतर असणे हेच खरे. ते किती असावे, हे घराच्या ऐपतीवर ठरते.

हे शिकायला उत्तम शाळा म्हणजे त्या-त्या काळात निघालेले चित्रपट. १९७५ चा ‘सामना’, १९७९ चा ‘सिंहासन’, १९८३ मधला सई परांजपे यांचा चाळीवरचा ‘कथा’. त्यांतल्या खोल्यांत वस्तू कोणी इतिहास म्हणून मांडल्या नव्हत्या. आज मात्र चित्रपटवाल्यांची ‘प्रॉपर्टी’ येते भाड्याने सामान देणाऱ्यांकडून, मुंबईच्या चोरबाजारातून, पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून. तेच पाच-दहा देखणे संच या सेटवरून त्या सेटवर फिरतात. दैनंदिन मालिकांत तर आता जुन्या घाटाचे नवे रेडिओ दिसू लागले आहेत: लाकडाचा आभास, फिरणारा काटा नसलेला डायल आणि बाजूला पेनड्राइव्हची खाच. त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे.

पुढच्या पानांत संचांची वर्णने आहेत, डायलची चित्रे आहेत, कळा आणि मुठी ओळखण्याच्या खुणा आहेत. त्यांतली सगळ्यात दुबळी बाजू खेड्यातल्या घरांची आहे, कारण शहरातल्या रेडिओंचे फोटो निघाले, जाहिराती छापल्या गेल्या; बॅटरीवरच्या संचांकडे कोणी पाहिले नाही. ती उणीव जेऊर, केम, कंदर, करमाळा अशा गावांतले माळेच भरून काढू शकतात. माळ्यावर जुना रेडिओ असेल तर हौसेने वीज जोडून पाहू नये. आतले कपॅसिटर निकामी झालेले असतात आणि काही संचांच्या सांगाड्यातच वीज उतरते. त्याला उलटा करून मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा पाहावा. त्यावर नमुन्याचा क्रमांक असतो, कधी व्हॉल्व्हचा नकाशाही चिकटवलेला असतो. भंगारवाल्याच्या ताब्यात देण्याआधी त्या पुठ्ठ्याचा एक फोटो काढून ठेवावा, आणि रेडिओ घरात कोणत्या साली आला हे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून त्याखाली लिहावे.